ळ नसलेला कागद

पनवेलला भाड्याची जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला नोकरी, गाव, आडनाव यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची दिली, मला समोर बसवलं आणि सकाळपासून काय काय केलं ते सावकाश सांगायला सांगितलं. मला वाटलं, पाणी किती वापरणार याचा अंदाज घेत असतील. मी सांगत गेले. सकाळी लवकर उठले, आंघोळ केली, केळी घेतली, एसटीत खिडकीजवळ बसले, धुळीनं डोळे चुरचुरले. ते मान खाली घालून एका पाठकोऱ्या कागदावर रेघा मारत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी रेघा मोजल्या आणि आतल्या दिशेला तोंड करून सांगितलं, "जागा दिली गं यांना. ळ भरपूर आहे."

आतून पाट सरकवल्याचा आवाज आला.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या नवऱ्याला न्हावा-शेव्याच्या नव्या बंदरात नोकरी लागली होती आणि मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे एक वातानुकूलित खोली, तिच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला आणि आत आम्ही तिघं. मी प्रोग्रॅम लिहिते हे घरमालकांना दुसऱ्या दिवशी कळलं. ते जिना चढून वर आले, दारातच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नवऱ्यानं घाबरून त्यांना पाणी आणून दिलं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते तार खात्यातून निवृत्त झाले होते. त्या काळी शुभेच्छांच्या तारांना ठरीव नंबर असत. दिवाळीचा एक, लग्नाचा एक, परीक्षेत पास झाल्याचा एक. तो नंबर पाठवला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. काकांनी आयुष्यभर हे नंबर इतके वापरले होते, की लग्नाच्या मांडवातही ते नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवून नंबरच सांगत. नवरी बिचारी वळून आईकडे बघे. कुठला नंबर कशाचा ते मला आता आठवत नाही, पण एकदा माझ्या वाढदिवसाला त्यांनी चुकून निवडणूक जिंकल्याचा नंबर सांगितला होता आणि संध्याकाळी खास वर येऊन तो दुरुस्त केला होता.

निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून त्यांनी मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. आमच्या गल्लीत तो पहिलाच. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तो ठेवला होता आणि त्यावर काकूंच्या जुन्या पैठणीचा तुकडा झाकलेला असे. घरातली वायरिंग जुनी होती. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की विजेचा दाब पडे आणि मशीन बंद होऊन सगळं काम पुसलं जाई. त्यामुळे त्या घरात चटणी कधी वाटायची यावर रोज सकाळी बोलणी होत. काकू प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शांत, उंच, करड्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की मी त्यांच्यासमोर वाक्य मनात एकदा म्हणून मगच बोलायची. मी एकदा "मला मदत भेटली" म्हणाले, तर त्यांनी हळूच सांगितलं, "माणसं भेटतात. मदत मिळते."

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक कागद होता.

काकांच्या घराण्यात कुणी एक पूर्वज कर्नाळ्याच्या किल्ल्यावर कारकून होता. त्याच्याकडून आलेली पितळेची एक नळी घराण्यानं पिढ्यान् पिढ्या जपली होती, आणि नळीत हा कागद. वरपासून खालपर्यंत बारीक खुणांनी भरलेला. चौकटी, आकडे, उलटे गळ, टिंबं. वाचता येईल असं एकही अक्षर नाही. घराण्याची समजूत अशी, की किल्ल्यावरून गेलेली ही गुप्त लष्करी बातमी आहे आणि ती वाचली गेली तर इतिहासाची काही पानं बदलावी लागतील. मूळ कागद काकांच्या चुलतभावाकडे होता. ते शेजारच्याच घरात राहायचे, मधे फक्त एक बोळ. ते तिथल्या एका वाचनालयाचे अध्यक्ष होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना अध्यक्षच म्हणे. काकांना त्यांनी मूळ कागद कधी दिला नाही, नक्कल तेवढी करू दिली. तीही त्यांच्या ओसरीवर बसून.

असं का, ते मला हळूहळू कळलं. काकू खाडीकाठच्या करंजा गावच्या. त्यांच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. काकांनी त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा घराण्यातलं कुणी लग्नाला आलं नाही, आणि नंतर कुठल्या कार्याला काकांना बोलावणं गेलं नाही. काका त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. पण कागद वाचला गेला तर अध्यक्ष वाचनालयात मोठं व्याख्यान ठेवणार होते, घराण्यातले सगळे पहिल्या रांगेत बसणार होते आणि काका व्यासपीठावर. हे सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक व्हायचा.

तर मी रविवारी प्रोग्रॅम लिहायला बसले. कल्पना अवघड नव्हती. भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित. कुठल्या अक्षरामागे कुठलं येतं यालाही वळण असतं. ते वळण मोजून मशीनला द्यायचं. मशीन कागदातल्या प्रत्येक खुणेला एक अक्षर चिकटवतं, मग दोन अक्षरांची अदलाबदल करतं. मजकूर मराठीच्या वळणाजवळ गेला तर बदल ठेवतं, लांब गेला तर मागे फिरतं. असं हजारो वेळा. मशीनला मराठी येण्याची गरज नाही. फक्त मोजमाप अचूक हवं.

मोजमाप काकांनी स्वतःकडे घेतलं आणि पनवेलचं जगणं कठीण करून टाकलं. आधी त्यांनी जुन्या बखरी मोजल्या. मग त्यांना वाटलं, छापलेली भाषा खोटी असते, माणसाच्या तोंडची हवी. त्यामुळे ते कुठेही रेघा मारत बसत. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीशी. एका परिचितांच्या घरी समाचाराला गेले असताना विधवा बाई शेवटच्या दिवसांचं सांगत होत्या आणि काका खिशातला कागद गुडघ्यावर ठेवून ण आणि ळ टिपत होते. बाईंना वाटलं, काका हुंदका आवरायला खाली बघताहेत. त्या उठून त्यांचंच सांत्वन करू लागल्या. ळ हे त्यांचं लाडकं अक्षर. जगात फार थोड्या भाषांना ते मिळालंय, म्हणायचे. कागदातला ळ सापडला की बाकीची अक्षरं आपण होऊन ओळखी सांगतील अशी त्यांची खात्री होती.

मशीन दिवसभर चालायचं. संध्याकाळी मी कारखान्यातून आले की आम्ही पडद्यावरचा मजकूर वाचायचो. सगळा कचरा. 'भटस गवर टेक' असलं काहीतरी. मी काकांना म्हणायची, अजून मोजमाप जमलेलं नाही. काकांना मात्र कचऱ्यातही बोट ठेवायला जागा सापडे. एकदा त्या कचऱ्यात 'पूर्व' दिसलं आणि पुढच्या ओळीत 'कोन खणा'. मी समजावलं, की इतक्या मजकुरात एखादा शब्द योगायोगानं जुळणारच. काकांनी ऐकून घेतलं आणि सकाळी फावडं घेऊन रिक्षानं कोन गावाला निघाले. त्यांना एकटं सोडणं बरं दिसेना म्हणून मी आणि नवरा मागोमाग गेलो.

काकांनी गावाच्या पूर्वेचं एक शेत निवडलं आणि बांधाच्या कोपऱ्यात खणायला सुरुवात केली. शेतकरी आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर टॉवेल. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काका, काय हरवलाय काय हितं?"

काकांनी फावडं टेकवून त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. किल्ला, कारकून, नळी, मशीन. तो माणूस मन लावून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, की ही पूर्व म्हणजे इथंच पाहिजे, का जरा पलीकडे चालेल? पलीकडे त्याला आंब्याचं कलम लावायचं होतं. काकांनी सूर्याकडे बघून विचार केला आणि पलीकडेही पूर्वच आहे असं मान्य केलं. दुपारपर्यंत त्यांनी गुडघाभर खोल, चांगला रुंद खड्डा खणला. काही निघालं नाही. शेतकऱ्यानं आम्हा तिघांना काकड्या दिल्या, कलम लावलं, आणि अजून चार कलमं आणायची आहेत, तेव्हा मशीननं पुन्हा काही सांगितलं तर नक्की या, असं मनापासून सांगितलं. परतताना रिक्षात काका समाधानी होते. एक शक्यता संपली, म्हणाले.

अशा पुष्कळ शक्यता संपल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मला एक गोष्ट खटकत होती ती मी त्यांना सांगितली, की कागदात वेगवेगळ्या खुणा आपल्या मुळाक्षरांपेक्षा कमीच आहेत. काका म्हणाले, लष्करी माणूस काटकसरी असतो. मशीन मात्र ळ आणि ण कुठेतरी बसवायचेच म्हणून दोन खुणांना ते चिकटवायचं आणि तिथून सगळा मजकूर घसरायचा.

मग एका रविवारी दुपारी करंज्याहून काकूंचा धाकटा भाऊ आला. घरात लग्न होतं, त्याचं आमंत्रण घेऊन. मी काकांबरोबर मशीनपाशी होते. बाहेर ओसरीवर काकूंचा आवाज आला, पण तो त्यांचा नव्हता. खालच्या पट्टीतला, भरभर, मऊ. "बस ना. पानी आनू? उनातशी आयलास, डोलं बग कशे लाल झालेत."

काकांचा हात हवेत थांबला. ते ऐकत राहिले. बाहेर भाऊबहीण बोलत होती. मासळी मिळाली का, आई गेल्यावर घरचं कोण बघतं, कुणाच्या मुलीचं जमलं. काका पुटपुटले, "ळ नाही. ण पण नाही. अगं, एकसुद्धा नाही." मग ते उठले, रेघांचा कागद घेतला आणि ओसरीवर जाऊन बहिणीभावाच्या मधोमध बसले. "बोला," ते म्हणाले. "तुम्ही बोलत राहा. असंच बोला."

दोघं गप्प झाली. भाऊ चहा पिऊन, आमंत्रण देऊन गेला.

संध्याकाळी काकांनी काकूंना समजावलं. कागद किल्ल्यावरच्या कारकुनानं लिहिलाच नसणार. खाडीकडच्या कुणीतरी लिहून त्याला पाठवला असणार. लिहिणाऱ्याच्या तोंडात ळ नव्हता, म्हणून खुणा कमी. आता मोजमाप त्या बोलीचं हवं. ते इतके आनंदात होते की समोरचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. काकूंनी हातातली ताटं ठेवली.

"लग्न झाल्यापासून तुम्ही माझं बोलणं खोडत आलात," त्या म्हणाल्या. "'आमी' नाही, 'आम्ही'. 'पानी' नाही, 'पाणी'. पाहुण्यांसमोरसुद्धा खोडलंत. मी ते टाकून दिलं. आता तुम्हाला मोजायला पाहिजे म्हणून मी ते कुठून आणू?"

आणि त्यांनी मिक्सर सुरू केला. आतल्या खोलीत मशीन बंद पडलं. भांड्यात काही नव्हतं, नुसतंच पातं फिरत होतं.

आठवडाभरानं काका सकाळी उठून करंज्याला गेले. सासुरवाडीला त्यांनी लग्नानंतर पाऊल ठेवलं नव्हतं. सणावाराला ते काकूंना एसटीत बसवून देत आणि स्टँडवरूनच परतत. तिथं काय झालं ते मला थोडं काकांकडून आणि बाकीचं नंतर काकूंच्या भावाकडून कळलं. काका पहिल्यांदा बंदरावर मासळीच्या लिलावात उभे राहिले आणि रेघा मारू लागले. लोकांना वाटलं सरकारी माणूस आहे, लिलाव थांबला. कुणीतरी ओळखलं, की हे तर अमक्याचे जावई. झालं. मासळी वाळत घालणाऱ्या बायांनी त्यांना उचलल्यासारखं घरी नेलं. इतक्या वर्षांचा राहिलेला जावयाचा मान एका दुपारी करायचा असं ठरलं. त्यांना पाटावर बसवलं, नारळ दिला, डोक्याला टोपी घातली. जेवायला वाढलं तेव्हा काकांनी नुसता भात आणि मीठ मागून घेतलं, कारण त्यांच्या घरात मासे चालत नसत. म्हाताऱ्या बाया त्यावर खूप हसल्या. काका भात खात होते आणि डाव्या हातानं रेघा मारत होते. हसण्यातल्या अक्षरांच्याही.

त्या रेघांचा तक्ता मी मशीनला दिला. निम्मा लिलावातला असल्यामुळे मशीननं एका दिवसात ठरवलं, की किल्ल्यावरच्या गुप्त बातमीत फक्त भाव आणि पापलेटं आहेत. काकांना हे खरं मानायचा मोह झाला होता, पण पापलेटांपुढे वाक्य जाईना.

त्याच संध्याकाळी काकूंना कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर भावाचा फोन आला. परत आल्या आणि बराच वेळ मागच्या दारात उभ्या राहिल्या. मी पाणी भरायला खाली गेले होते. त्यांनी विचारलं, "हे तिथं पाटावर बसले होते?" मी म्हटलं, हो. टोपी घालून. त्या आत गेल्या.

शनिवारी माझी सुट्टी होती. दुपारी काकूंनी मला खाली बोलावलं. कॉम्प्युटरच्या खोलीत त्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. काका भिंतीशी जमिनीवर, रेघांचा कागद घेऊन. काकू म्हणाल्या, "तू लिहून घे. यांना मोजू दे. मला मधे कुणी काही विचारायचं नाही."

मग त्या बोलायला लागल्या. आधी अडखळत, एकेक शब्द चाचपून. नंतर आवाज खाली गेला, तो त्या दिवशीचा ओसरीवरचा आवाज आला. आई पहाटे टोपली घेऊन कशी निघायची. बापाची होडी कुठल्या रंगाची होती. एकदा वाऱ्यात ती परत आली नाही तेव्हा सगळ्या बाया काठावर कशा बसून राहिल्या, आणि सकाळी बाप चालत आला, होडी तुटून पडलेली. शाळेत मास्तरांनी पहिल्यांदा 'बाळ' म्हणायला लावलं तेव्हा जीभ कशी वळेना. मी लिहीत होते. काकांच्या पेन्सिलीचा आवाज माझ्या मागून येत होता, टिक टिक.

नंतर त्या लग्नाच्या दिवसावर आल्या. "आय माजी दारानशी उठली नाय," त्या म्हणाल्या. "सगली जेवली. ती सांगं, त्यांची मानसा येतील, आदी त्यांना वाडू. तांदलाची भाकरी झाकून ठेवलेली तिनं. सांज झाली. कोनच आयला नाय. मंग तिनं ती भाकरी पान्यान सोडली."

मागून येणारा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं नाही. काकूही थांबल्या नाहीत, त्यांनी पुढचं सांगितलं. पुढच्या सगळ्या सुट्टीच्या दुपारी काकांनी पेन्सिल धरली नाही. मी लिहिलेलं वर नेऊन माझ्या टेबलावर मोजलं.

चार-पाच दुपारींचं बोलणं मशीनला दिलं. प्रोग्रॅममधल्या अक्षरांच्या यादीतून ळ आणि ण काढून टाकले. सकाळी प्रोग्रॅम सुरू केला आणि कारखान्यात गेले. परत आले तेव्हा काका पडद्यासमोर बसले होते आणि काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलत होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

मजकूर लांबलचक होता, पण सुरुवात अशी होती: 'सोडे नाय मिलाले. सुके बोंबील धाडलेत. भाताचे पोत्यान तलाशी हायेत. गडावर कोनाला कलू देऊ नका. तुमचे आयेला तर नकाच. मागचे येलेला तुमी पोता उगडा ठेवला, दारूखान्यातशी वास आयला, शिपाई हुंगत फिरत होते.'

सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. पुढे काय आवडलं, काय नको ते कळवा, खारवलेली सुरमई कधी मिळेल, असं सगळं. घराण्याचा तो पूर्वज, ज्याच्या नावानं अध्यक्षांकडे दरवर्षी ब्राह्मणभोजन व्हायचं, खाडीवरच्या एका कोळ्याकडून चोरून सुकी मासळी मागवत होता. पकडला जाऊ नये म्हणून त्यानं ही लिपी तयार करून कोळ्याला शिकवली असणार. आणि कोळ्यानं आपल्याच बोलीत उत्तर लिहिलं होतं.

काका म्हणाले, "व्याख्यानाच्या पत्रिका छापून झाल्यात."

कारण अध्यक्षांना त्यांनी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं, की आता दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. त्या रात्रीच ते बोळ ओलांडून मजकूर घेऊन गेले आणि लगेच परत आले. अध्यक्षांनी वाचला, दार लावून घेतलं आणि सुचवलं, की मशीन बिघडलं असं जाहीर करावं. किंवा बोंबिलांच्या जागी बंदुका घालाव्यात, बाकी वाक्यं तशीच बसतात. दारूखाना तर आहेच. असं झालं तर काकांचं नाव घराण्याच्या छापील वंशावळीत घालायला त्यांची हरकत नव्हती. "सपत्नीक," असंही ते म्हणाले होते. काकांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, की बंदुका खरोखरच बसतात. त्यांनी तसं करून बघितलं होतं.

व्याख्यानाच्या दिवशी वाचनालय भरलं होतं. पहिल्या रांगेत घराणं. काकू मागे, माझ्या शेजारी. काका उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते. एक बोंबिलांचा, एक बंदुकांचा. त्यांनी दोन्ही बघितले. इतका वेळ बघितले की अध्यक्षांनी खाकरून पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग काकांनी एक कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा वाचायला लागले.

"सोडे नाय मिलाले," ते म्हणाले.

लोकांना कळेना. ते पुढे वाचत गेले, एकही अक्षर न सुधारता. मिलाले, तलाशी, कलू देऊ नका. मागच्या बाकांवरून आधी हसू आलं, मग टाळ्या. पहिल्या रांगेतले लोक एकेक करून उठले आणि बाजूच्या दारानं गेले. काकांनी शेवटपर्यंत वाचलं. मग कागद खाली ठेवून त्यांनी सांगितलं, की हा मजकूर उलगडला तो त्यांच्या पत्नीच्या बोलण्यामुळे, आणि ते बोलणं आपण आयुष्यभर चुकीचं समजत होतो. काकू माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला होता, दुखेल इतका घट्ट.

अध्यक्ष त्यानंतर काकांशी बोलले नाहीत. वंशावळ छापली गेली, तीत काकांच्या जागी एक फुली होती. काका ती फुली लोकांना कौतुकानं दाखवत. आपण घराण्यातली एकमेव न उलगडलेली खूण आहोत, म्हणायचे.

थोड्या दिवसांनी काकूंचा भाऊ येऊन गेला. दुपारी खालून असा वास आला की माझा नवरा जिन्यातच थांबला. मी खाली गेले. त्या स्वयंपाकघरात लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मासळी शिजली होती. काकू पाटावर बसून जेवत होत्या, बोंबील आणि तांदळाची भाकरी. समोर दुसऱ्या पाटावर काका बसले होते, रिकाम्या हातांनी. त्यांचा चेहरा हिरवट झाला होता. खिडकी अध्यक्षांच्या घराकडे उघडत होती, सताड. मी लावू का विचारलं. काकांनी मानेनंच नाही म्हटलं, कारण तोंड उघडण्याची त्यांना भीती वाटत असावी.

काकू म्हणाल्या, "वास सहन होत नसेल तर बाहेर जाऊन बसा."

"होत नाहीच," काका म्हणाले, आणि काकूंचं जेवण संपेपर्यंत समोर बसून राहिले.